नळीचं दुसरं टोक

१

आमच्या घरात तिघं राहतात असं मी पाहुण्यांना गमतीनं सांगत असे: मी, आमची ही आणि हिचं यंत्र. हल्ली सांगत नाही.

यंत्र म्हणजे प्राणवायू देणारा एक करडा डबा, बुटांच्या खोक्याएवढा. त्यातून पारदर्शक नळी निघते. नळीच्या टोकाला दोन बोंडं असतात, ती नाकात बसवायची. हिनं श्वास आत ओढला की डब्यातल्या सेन्सरला ते कळतं आणि डबा ‘फुस्’ करून तेवढ्यापुरता प्राणवायू सोडतो. मागितल्याशिवाय काही द्यायचं नाही आणि दिलं तरी हात आखडून द्यायचं. मी जन्मभर ज्या कार्यालयात कारकुनी केली त्याचंही धोरण हेच होतं, त्यामुळे यंत्राशी माझं पहिल्या दिवसापासून जमलं.

हिची फुप्फुसं थकलेली आहेत. बरं होणं नाही, सांभाळणं आहे, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. आम्ही सांभाळत होतो. सकाळी चहा आणि वर्तमानपत्र, दुपारी जेवणानंतर पत्ते. पत्त्यांत ही लबाडी करायची आणि पकडली गेली की धाप लागल्याचं सोंग आणायची. खरी धाप आणि सोंगाची धाप यांतला फरक मला कळतो हे तिला माहीत होतं, तरी आणायची.

एका सकाळी डब्याला हिचा श्वास ओळखू येईना. ही ओढत होती, डबा ढिम्म. मोठा सिलिंडर आणून खाटेशेजारी उभा केला आणि ही त्या सिलिंडरला गाईसारखी बांधली गेली. कंपनीनं तो डबा बनवणं बंद केलं होतं. नवा मागवला, तो ‘निघालाय’ असं उत्तर रोज मिळू लागलं. मग मी जुना डबा उचलला आणि मेहुण्याकडे गेलो.

२

मेहुणा म्हणजे हिचा धाकटा भाऊ. आई लवकर गेल्यामुळे हिनंच त्याला कडेवर वागवून मोठा केला. बाजाराच्या एका अरुंद गल्लीत, चष्म्यांच्या आणि चपलांच्या दुकानांमध्ये दाबून बसवल्यासारखं त्याचं दुकान आहे. बंद पडलेल्या वस्तूंच्या आतले सर्किट बोर्ड तो दुरुस्त करतो. गल्ली त्याला ‘सर्जन’ म्हणते आणि तो ते नाकारत नाही.

“सेन्सर गेलाय,” त्यानं डबा उघडून सांगितलं. “नवा मिळणार नाही. पण तुमचं नशीब जोरावर आहे, भावोजी. परवाच भंगारवाल्यानं एक पोतं टाकलं, त्यात अगदी असाच डबा आहे. त्याचा सेन्सर कालच काढून ठेवलाय. ताईचा फोन आला तेव्हाच काढला.”

मी स्टुलावर बसून बघत राहिलो. त्याच्या हातात एक दांडी असते, तिच्या तोंडातून गरम हवा येते. केस वाळवायच्या यंत्राची धाकटी बहीण म्हणावी, फक्त हिच्या फुंकरीनं कथील वितळतं. त्यानं बोर्ड पकडीत बसवला, आजूबाजूचे नाजूक भाग पिवळ्या चिकटपट्टीनं झाकले, मधल्या बटणाएवढ्या सेन्सरभोवती कथील नीट सुटावं म्हणून चिकट फ्लक्सचा थेंब सोडला आणि दांडी गोल गोल फिरवू लागला. हवा एका जागी ठेवायची नाही, नाहीतर बोर्डला फोड येतो. राळेसारखा वास सुटला. सेन्सरच्या पायाशी कथील एकदम चकाकलं. त्यानं चिमट्याच्या टोकानं सेन्सरला हळूच टिचकी दिली. तो हलला आणि आपला आपण जागेवर आला.

“बघा, डुलला. डुलला की समजायचं, घर सोडायला तयार आहे. त्याआधी ओढलं तर बोर्डची कातडी निघते.”

जुना निघाला. कागदाच्या पुडीतला दुसरा त्याच्या जागी ठेवून पुन्हा फुंकर. तोही डुलला आणि बसला. मेहुण्यानं बॅटरी लावली, नळीचं टोक स्वतःच्या नाकाशी धरून श्वास घेतला. फुस्.

“शंभर टक्के,” तो म्हणाला. पण हातातला चिमटा त्यानं नेहमीसारखा मिरवत ठेवला नाही. झटकन खाली ठेवला. हे मला तेव्हा दिसलं होतं. अर्थ लावायचं काम मी नंतरवर टाकलं.

३

चार लोकांत सांगण्यासारखं काही घडलं नाही, हे आधीच सांगतो. ही अंघोळीला गेली होती. अंघोळीपुरती ती नळी काढते आणि खुर्चीच्या हातावर टांगून ठेवते. मी कोडं सोडवत होतो.

फुस्.

पंखा, मी म्हटलं. वाऱ्याची झुळूक बोंडांवरून गेली असेल. उठलो, पंखा बंद केला, खिडकी लावली आणि पुन्हा कोड्याकडे वळलो.

फुस्.

मग मी पेन खाली ठेवलं आणि नुसता ऐकत बसलो. आतून बादलीचा आणि हिच्या गुणगुणण्याचा आवाज येत होता. खुर्चीवरची नळी कोणाच्याही नाकात नव्हती. डबा मात्र ठरावीक अंतरानं काम करत होता, न चुकता. अंतर हिच्या श्वासाचं नव्हतं. हिचा श्वास आखूड आणि घाईचा. हा लांबलचक होता. गाढ झोपलेलं माणूस घेतं तसा.

ही बाहेर आली, नळी नाकात घातली, आणि डबा लगेच हिच्या घाईनं चालू लागला. मी पुन्हा कोडं हातात घेतलं. यंत्र बिघडलंय म्हणावं तर यंत्र चालत होतं. उलट जरा जास्तच चालत होतं. जास्त काम केल्याबद्दल कोणाची तक्रार करायची मला सवय नाही.

४

तरी मेहुण्याला बोलावलंच. तो आला तो गाजावाजा करत.

“काय ताई, कसं काय आमचं ऑपरेशन?”

“तुझं ऑपरेशन झकास. तुझ्या भावोजींना भुतं दिसायला लागलीत.”

“दिसत नाहीत,” मी म्हटलं. “ऐकू येतात.”

“घरी बसलेल्या माणसाला काहीतरी उद्योग हवाच. भुतं तर भुतं.”

ही तेवढ्यापुरती सिलिंडरला लागली. मेहुण्यानं डब्याची नळी हातात घेतली आणि आम्ही तिघंही कान देऊन राहिलो. फुस्. थोड्या वेळानं पुन्हा फुस्.

“सेन्सर जरा तिखट आहे, एवढंच,” तो म्हणाला. “आता बघा, तोंड बंद केलं की बंद.” आणि त्यानं दोन्ही बोंडांवर अंगठा दाबला.

मी त्याच्या चेहऱ्याकडे बघत होतो. चेहऱ्यावरची थट्टा तशीच राहिली, फक्त तिच्यामागचा माणूस निघून गेला. त्यानं अंगठा सोडवला. सोडवला हाच शब्द बरोबर आहे. अंगठ्याच्या पेरावर दोन लाल गोल उठले होते.

“काय झालं रे?” हिनं विचारलं.

“काही नाही ताई. ओढ आहे जरा.”

“कोणाला?”

त्यानं अंगठा पँटला पुसला, दुकानात कोणीतरी थांबलंय असं काहीतरी पुटपुटला आणि गेला. चहा न घेता गेला. बहिणीच्या घरून हा माणूस चहा न घेता गेल्याचं मला आठवत नाही.

५

त्यानंतर ही सुधारली. हे लिहिताना मला कसंतरी होतं, पण सुधारली. जिन्यापर्यंत जाऊन आली. ओट्याशी उभी राहिली. “अहो, सायकल चालवताना मागून कोणी धक्का द्यावा ना, तसं वाटतं,” म्हणाली. “निम्मं काम माझं, निम्मं दुसऱ्याचं.”

समोरच्या वहिनी म्हणाल्या, चेहऱ्यावर तेज आलंय. तेज कसलं, हिचे गाल आत गेले होते आणि गालांची हाडं चमकत होती.

हिचं बोलणं आधीपासून तुटक. धाप लागते म्हणून वाक्याच्या मध्ये थांबायची, पण जिथं स्वल्पविराम द्यावा तिथंच थांबायची. शाळेत शुद्धलेखन पक्कं होतं. आता ती शब्दाच्या मध्येच थांबू लागली. “आज वर्तमान—” आणि मग बऱ्याच वेळानं, “—पत्र नाही आलं?” मधल्या वेळात डोळे माझ्यावर स्थिर, तोंड किंचित उघडं आणि छाती हळूहळू वर चाललेली. आपण थांबलो हे तिला कळतच नसे.

आणि पत्त्यांत तिनं लबाडी करणं सोडलं. ते माझ्या जिवाला सगळ्यात जास्त लागलं.

एका दुपारी ही सिलिंडर लावून पडली असताना मी वर्तमानपत्राच्या कडेची एक बारीक पट्टी फाडली आणि टांगलेल्या नळीच्या बोंडांसमोर धरली. डबा हवा सोडतो. पट्टी माझ्याकडे उडायला हवी. शाळकरी पोरालाही कळेल असा हिशेब.

पट्टी आधी बोंडांकडे झुकली. मग त्यांना चिकटली. आणि तशीच चिकटून राहिली, मला हात अवघडेपर्यंत. नंतर फुस् झालं तेव्हा ती सुटली. मी पुन्हा धरली. पुन्हा आत. डबा जेव्हा जेव्हा देत होता, त्याआधी कोणीतरी नळीतून घेत होतं. घेतलेलं बाहेर सोडल्याचं मात्र एकदाही दिसलं नाही, आणि मी बराच वेळ बघत होतो. नुसतं आत, आणि त्यापुढे आणखी आत.

मी पट्टीची गोळी केली आणि खिशात टाकली. मग हिच्या खाटेशी जाऊन उभा राहिलो. सिलिंडरच्या मास्कमध्ये वाफ धरत होती आणि विरत होती. तिचा तो आखूड, घाईचा, तिचा स्वतःचा श्वास मी डोळे भरून पाहिला.

६

“बॅटरी काढायची राहिली होती,” मेहुणा म्हणाला.

दुकानाचं शटर अर्धं ओढलेलं होतं. गल्लीत भर दुपारची वर्दळ. चपलांच्या दुकानात कोणीतरी मापावरून भांडत होतं.

“कुठली बॅटरी?”

“त्या भंगारातल्या डब्याची. आमच्यात पहिला धडा असतो, भावोजी. गरम करण्याआधी बॅटरी काढ. चालू बोर्डवरून काही उचलू नये. पण त्याचा दिवा बंद होता. मला वाटलं, मेलेलंच आहे. ताईचा फोन आलेला, तिचा आवाज ऐकून मला घाई झालेली. मी फुंकर मारली, सेन्सर डुलला, उचलला. आणि उचलताना...”

“काय?”

“डब्यानं फुस् केलं. केलं म्हणजे, सुरू केलं. अर्ध्यात तुटलं.”

“शॉर्ट झालं असेल.”

“तेच म्हणालो मी. अजून तेच म्हणतोय.” त्यानं तोंडावरून हात फिरवला. “भावोजी, त्याची नळी लावलेलीच होती. आणि नळीचं दुसरं टोक पोत्यात होतं. मी बघितलं नाही.”

पोतं टेबलाखाली भिंतीला टेकून पडलं होतं, चपटं, तळाशी थोडे बोर्ड असावेत एवढंच. उघडा डबा टेबलावर होता. डब्यातून निघालेली नळी टेबलाच्या कडेवरून खाली उतरून पोत्याच्या तोंडात गेली होती. अशा प्रसंगी शहाणा माणूस घरी जातो. मी खाली वाकलो आणि नळी धरून ओढली. ती सहज आली, हातभर, आणखी थोडी. मग ताठ झाली. कशात तरी अडकली असेल, बोर्डाच्या खाचेत वगैरे, असं मी मनाशी म्हणत होतो तेवढ्यात नळी माझ्या मुठीतून हळूच परत गेली. हिसका नव्हता. झोपेत कूस बदलताना शेजारचं माणूस पांघरूण ओढून घेतं, तेवढीच.

मी मूठ उघडली. मेहुणा म्हणाला, “उघडू नका हं पोतं.”

“मला काय पडलंय,” मी म्हटलं. माझा आवाज मला दुसऱ्या खोलीतून आल्यासारखा वाटला.

भंगारवाल्याला विचारण्यात अर्थ नव्हता. तो गल्लोगल्ली फिरतो, जे मिळेल ते टाकतो. चर्चा आम्ही केली ती फक्त पुढं काय करायचं याची, आणि मेहुण्यानं जे सुचवलं ते मला रीतसर वाटलं. नवा डबा दोन दिवसांत येतोय, तो ताईला लावायचा. आणि तिच्या जुन्या डब्यातला सेन्सर काढून ज्याचा त्याच्या बोर्डवर परत बसवायचा. बॅटरी लावायची. “त्याचं अर्ध्यावर राहिलंय,” तो म्हणाला. “पुरं होऊ दे.” चुकून आपल्या टेबलावर आलेली फाईल मूळ विभागाला परत करावी, तसं. जन्मात पहिल्यांदा मला माझ्या नोकरीचा अभिमान वाटला.

७

नवा डबा आला. पांढराशुभ्र, गुळगुळीत, हिरव्या दिव्याचा. हिच्या नाकात त्याची नळी घातली, हिनं श्वास घेतला, डब्यानं ‘टक्’ असा सभ्य आवाज करून प्राणवायू दिला. मेहुण्यानं माझ्याकडे बघितलं. मला हसू आलं, खरंखुरं.

जेवणाच्या टेबलावर त्यानं दुकान मांडलं. डावीकडे हिच्या जुन्या डब्याचा बोर्ड, उजवीकडे भंगारातल्याचा, डबा आणि नळी दुकानातच ठेवून तेवढाच काढून आणलेला. ही खिडकीपाशी खुर्चीत बसून बघत होती.

“दोघं मिळून काय शि—” छाती वर, वर, वर. “—जवताय?”

“तुझ्यासाठी खास बेत आहे,” मेहुणा म्हणाला. “मध्ये बोलू नकोस ताई, हात हलतो.”

या वेळी त्यानं बॅटरी आधी काढली. काढून मला दाखवली. मी ती हातात घेतली. नवा डबा टक् टक् चालला होता. पिवळी पट्टी, फ्लक्सचा थेंब, गरम हवा. राळेचा वास आमच्या जेवायच्या खोलीत भरला. कथील चकाकलं. सेन्सर डुलला. मेहुण्यानं चिमट्यानं तो उचलला.

नव्या डब्याचा हिरवा दिवा लाल झाला आणि तो ओरडू लागला. त्याच्या काचेवर अक्षरं उमटली: श्वास आढळत नाही.

ही खुर्चीत ताठ बसली होती. डोळे उघडे. तोंड उघडं. छाती वर आलेली आणि वरच राहिलेली, उंच पाळणा टोकाला जाऊन थांबावा तशी. हात खुर्चीच्या दांड्यांवर, बोटं पांढरी. मी तिच्या नाकाशी तळहात धरला. काहीच येत नव्हतं. जातही नव्हतं.

“सोड!” मी ओरडलो. “अगं, सोड श्वास!”

“भावोजी, कुठे?” मेहुणा मागून म्हणाला. एका हातात दांडी, दुसऱ्यात चिमटा, चिमट्यात तो बटणाएवढा तुकडा. समोर दोन बोर्ड. “कुठे ठेवू? गार होईल. भावोजी, लवकर!”

उजवीकडे ठेवायचं ठरलं होतं. त्यात न्याय होता. ज्याचं त्याला. आणि कदाचित तिथं तो अर्धा श्वास एकदा पुरा झाला असता, तर हिलाही सुटका मिळाली असती. कदाचित दोघांनाही एकदमच मिळाली असती, आणि मला ते ‘एकदम’ नको होतं. पाहुण्यासमोर दार लावून घेणाऱ्या माणसासारखा मी विचार न करता बोललो.

“हिच्या. डावीकडे.”

तो बसला. डुलून बसला. मी बॅटरी लावली.

फुस्.

हिची छाती खाली आली. डब्याचं ओरडणं थांबलं. आणि ही बोलली, वाक्यात कुठंही न थांबता, गेल्या कित्येक वर्षांत ऐकलं नव्हतं अशा सलग आवाजात: “मी ओढतेय ओढतेय आणि तुम्ही दोघं नुसते बघत उभे राहिलात आता पुन्हा असं करू नका हं अजिबात करू नका.”

बोलून झाल्यावर तिनं श्वास घेतला नाही. बराच वेळ घेतला नाही. मेहुणा टेबलाशी बसून, गरम दांडी तशीच चालू ठेवून, लहान मुलासारखा रडत होता.

८

पांढरा डबा खोक्यात परत गेला. मधून मधून मी तो लावून बघतो. तो हिला ओळखत नाही. डॉक्टर येऊन गेले. हिच्या पाठीला तपासायची नळी लावून म्हणाले, फार शांत आहे, छान आहे. जाताना जिन्यात थांबून त्यांनी तीच नळी स्वतःच्या छातीला लावून बघितली. मी दाराच्या फटीतून पाहिलं.

जुना डबा आता आम्ही कधी बंद करत नाही. वीज गेली की मी बॅटरीच्या दिव्याकडे बघत बसतो.

फुस् आणि फुस् यांच्यातलं अंतर वाढत चाललं आहे. आधी मला वाटलं, मीच उतावळा झालोय. पण पूर्वी या वेळात माझा चहाचा एक घोट होई. आता कप संपतो. हिची छाती चढते, चढत राहते. दुखत नाही म्हणते. विचारलं तर मधल्या वेळात नुसती बघते, आणि मला वाटतं, तीही ऐकतेय, नळीतून, पलीकडचं.

मेहुणा दुकान उघडत नाही, पण रोज शटरखालून आत शिरून बघून येतो. पोत्यातली नळी आत चाललीये म्हणतो. टेबलाच्या कडेवरून लोंबत असे ती आता ताणली गेली आहे, आणि तिच्या ओढीनं तो उघडा डबा कडेपर्यंत सरकत आलाय. त्यानं त्यावर एक जड पकड ठेवली आहे. मी म्हटलं, बरं केलंस.

आत्ता दुपार आहे. जेवण झालं, पत्ते वाटून झाले. हिनं हातातली पानं नीट लावली आणि श्वास घ्यायला सुरुवात केली.

फोन वाजला. मेहुणाच होता. दुकानातून बोलत असावा. मागं चपलांच्या दुकानातली गडबड ऐकू येत होती.

“भावोजी, सोडला का तिनं?”

“अजून नाही.”

मग त्याच्या बाजूला काहीतरी जड खाली पडल्याचा आवाज झाला, आणि फोन तसाच चालू राहिला.

ही माझ्याकडे बघते आहे. तोंड किंचित उघडं आहे. मी पत्ते हातात धरून बसलो आहे. उतारी हिची आहे.